जिल्हा निवडला, तालुका येत नाही: डिपेंडंट ड्रॉपडाउन पुन्हा पुन्हा का अडतो

जून उजाडला की आमच्या संस्थेत शिष्यवृत्तीचे अर्ज यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग माझा फोन वाजायला लागतो. पलीकडचं वाक्य ठरलेलं: "ताई, परत तालुका येत नाहीये." एक्सेलची फाईल मीच बनवलेली. एका कॉलमात जिल्हा निवडायचा, शेजारी त्याच जिल्ह्याचे तालुके दिसायला हवेत, त्यापुढे गाव. अशा एकमेकांवर अवलंबून असलेल्या याद्यांनाच डिपेंडंट ड्रॉपडाउन म्हणतात. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक फोनला एकच उपाय करायचे: व्हॅलिडेशन, म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणारा नियम, पुसायचं आणि नव्याने लावायचं. तेवढ्यापुरतं चालायचं. महिन्याभरात पुन्हा फोन.

तिसऱ्या वर्षी शांतपणे बसून पाहिलं, तेव्हा कळलं की ज्या फॉर्म्युल्यावर मी खापर फोडत होते तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. घोळ नावाचा असतो. सेलमध्ये निवडलेलं नाव आणि यादीला दिलेलं नाव आपल्याला सारखं दिसतं, एक्सेलला सारखं दिसत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे फोन जागेवरच मिटतात.

एक सूचना आधीच. खालचे फॉर्म्युले मी देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि आकडे नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच द्यायचे.

फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते: "नक्की काय होतंय?" कारण "येत नाहीये" या एका वाक्यात चार वेगळी दुखणी दडलेली असतात. सेलशेजारचा, यादी उघडायचा बाणच दिसत नाही, हे एक. बाण दिसतो, पण दाबला तरी काहीच उघडत नाही, हे दुसरं. यादी उघडते पण कोरी दिसते, हे तिसरं. आणि यादी उघडते, पण भलत्याच जिल्ह्याची, हे चौथं. चौघांची औषधं वेगळी.

बाण न दिसण्याचं लवकर उरकते. सेल निवडल्याशिवाय बाण दिसत नाही, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. निवडूनही नसेल तर व्हॅलिडेशनच्या खिडकीत "इन-सेल ड्रॉपडाउन"ची खूण गेलेली असते. पूर्ण शीटवरचेच बाण गायब असतील तर कुणीतरी चुकून कंट्रोल आणि ६ दाबलेलं असतं. त्याने शीटवरची चित्रं-बटणं लपतात आणि त्यांच्यासोबत हे बाणही. पुन्हा तेच दाबलं की परत येतात. आणि "पुण्याचे सहा तालुके गायब आहेत" असा फोन आला तर आधी यादी खाली सरकवायला सांगा. जुन्या एक्सेलमध्ये एका वेळी आठच नावं दिसतात आणि पुणे जिल्ह्यात तालुके आहेत १४. या एका गोष्टीसाठी मी एकदा पूर्ण यादी नव्याने टाइप केली होती. हसू नका.

आता मूळ दुखणं. बाण आहे, दाबला तरी ढिम्म. सगळीकडे शिकवतात ती पद्धत अशी: प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांच्या पट्ट्याला त्या जिल्ह्याचं नाव द्यायचं, म्हणजे नेम्ड रेंज करायची, आणि तालुक्याच्या सेलला डेटा टॅबमधून डेटा व्हॅलिडेशन, त्यात लिस्ट, आणि सोर्समध्ये

=इनडायरेक्ट($बी२)

एवढंच. बी२ मध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सेलमध्ये, जो शब्द असेल त्या नावाची रेंज एक्सेल शोधतं. सापडली तर यादी, नाही सापडली तर एरर. आणि एरर आली की बाण नुसता दिसतो, उघडत नाही. फॉर्म्युला लावताना बी२ रिकामा असेल तर "सोर्समध्ये सध्या एरर आहे, पुढे जायचं का" अशा अर्थाचा इशारा येतो. त्याला घाबरायचं कारण नाही, हो म्हणायचं. पण बी२ मध्ये जिल्हा भरलेला असतानाही तो इशारा आला तर मात्र थांबायचं. म्हणजे नाव जुळलेलं नाही.

का जुळत नाही? रेंजच्या नावात मोकळी जागा चालत नाही, कंस चालत नाहीत, डॅश चालत नाही, सुरुवातीला आकडा चालत नाही. आमच्या पहिल्या फाईलमध्ये जिल्हे रोमन लिपीत होते. पुणे, सातारा, सांगली सुरळीत. मुंबई उपनगर आलं की गाडी अडायची, कारण मध्ये जागा आहे. वर्ध्यातलं कारंजा घाडगे कुणी कंसासहित लिहिलेलं, तेही अडायचं. वरच्या ओळीतून एकदम नावं द्यायची सोय वापरली, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३, तर एक्सेल जागेच्या ठिकाणी स्वतःहून अंडरस्कोर घालतं आणि आपल्याला सांगतही नाही. सेलमध्ये जागा, नावात अंडरस्कोर. भेट होणार कशी? त्यावर उतारा सोपा:

=इनडायरेक्ट(सबस्टिट्यूट($बी२," ","_"))

नावं नक्की काय पडली आहेत ते कंट्रोल आणि एफ३ दाबून नेम मॅनेजरमध्ये डोळ्यांनी वाचून घ्या. अंदाजाने चालू नका.

यातलीच एक गंमत म्हणजे आमच्या एका सहकाऱ्याने नावांची कटकट टाळायला जिल्ह्यांऐवजी गाड्यांचे कोड वापरायचं ठरवलं. पुण्याला एमएच१२, साताऱ्याला एमएच११. कल्पना झकास होती. पण एक्सेलच्या शीटमध्ये कॉलम एक्सएफडीपर्यंत जातात, म्हणजे एकूण १६,३८४, आणि त्यात एमएच नावाचा कॉलम आहेच. एमएच१२ म्हणजे त्या कॉलमातली बारावी सेल. म्हणून हे नाव रेंजला देताच येत नाही. त्याने शेवटी अंडरस्कोर लावून नाव दिलं, सेलमध्ये मात्र साधा कोड ठेवला. मग इनडायरेक्टने इमानदारीने एमएच१२ ही सेल शोधून काढली. ती कोरी. यादी उघडायची, आत काहीच नाही. एरर आली असती तर बरं, निदान शोधायला दिशा मिळाली असती.

हे सगळं दिसणाऱ्या अक्षरांचं झालं. न दिसणाऱ्यांनी मला जास्त छळलं आहे. वेबपेजवरून तालुक्यांची यादी उचलून चिकटवली की नावाच्या शेवटी एक जागा येते, आणि ती साधी जागाही नसते. ट्रिम फंक्शन साधी जागा काढतं, ही काढत नाही. तिचा कोड १६०. ती घालवायला

=ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०)," "))

असं लिहावं लागतं, आणि आलेलं उत्तर व्हॅल्यू म्हणून परत जागेवर चिकटवायचं.

आणि फाईल मराठीत केल्यावर जे झालं ते कुठल्या इंग्रजी मार्गदर्शनात सापडलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. साताऱ्याचं कऱ्हाड. तालुक्यांची यादी एकाने टाइप केली, गावांची दुसऱ्याने, दोघांचे कीबोर्ड वेगळे. एकाच्या कऱ्हाडमध्ये पायाखाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्याच्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींत तोच अर्धचंद्रासारखा र दिसतो, कुणाच्या बापाला फरक कळणार नाही. पण अक्षरचिन्हं मोजणारं लेन फंक्शन लावलं तर एकात ६ येतात, दुसऱ्यात ७. मॅच होत नाही, गावं येत नाहीत. कराड असं लिहिणारा तिसरा असेल तर तो तिसराच शब्द, पण तो निदान डोळ्यांना दिसतो.

तसंच बँकेचं. अर्जात बँक आणि शाखा अशीही जोडी आहे. कुणी चंद्रबिंदू देऊन बँक लिहितं, कुणी ॲचा चंद्र आणि वर अनुस्वार असं बॅंक. पहिल्यात ३ अक्षरचिन्हं, दुसऱ्यात ४. अर्ध्या फाँटमध्ये दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून आता माझा नियम असा की वरची यादी आणि खालची यादी दोन्हीकडे नाव कधीच दोनदा टाइप करायचं नाही. एका ठिकाणी लिहायचं, दुसऱ्या ठिकाणी कॉपी करायचं. शंका आली तर शेजारच्या मोकळ्या सेलमध्ये लेन, आणि दोन सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून खरं येतं की खोटं ते पाहायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

आता तिसरं दुखणं, कोरी यादी. एमएच१२ सारखं प्रकरण नसेल तर कारण साधं असतं. सातारा जिल्ह्यात ११ तालुके, पुण्यात १४, मुंबई उपनगरात ३. सगळ्यांना एकाच मापाची रेंज दिली, पंधरा-पंधरा ओळींची, की खाली रिकाम्या सेल उरतात. तालुक्याची सेल रिकामी असली की एक्सेल यादी उघडताना रिकाम्या भागापाशी नेऊन ठेवतं आणि माणसाला वाटतं काहीच नाही. वर सरकवलं तर सगळं आहे. पण याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. नाव दिलेल्या रेंजमध्ये एकही रिकामी सेल असेल आणि व्हॅलिडेशनच्या खिडकीत "इग्नोर ब्लँक"ची खूण असेल, तर ड्रॉपडाउनच्या सेलमध्ये काहीही टाइप केलेलं चालतं. काहीही. तालुक्याच्या जागी मोबाईल नंबर टाकला तरी एक्सेल गप्प बसतं. जिल्ह्याची सेल रिकामी असतानाही तसंच. आणि ती खूण आपोआप लागलेली येते. मी आता ड्रॉपडाउन लावला की पहिल्यांदा ती काढते.

चौथं, भलत्या जिल्ह्याची यादी. सातव्या ओळीत सांगली निवडलं आणि तालुके आले कोल्हापूरचे. दोन शक्यता. एकतर फॉर्म्युल्यात ओळीच्या आकड्याआधीही डॉलर पडला आहे, म्हणजे $बी$२, आणि सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीकडे बघत बसल्या आहेत. माउसने सेल निवडून सोर्स भरला की हा डॉलर न विचारता येतो. दुसरी शक्यता थोडी चकवणारी. व्हॅलिडेशन लावताना पूर्ण कॉलम निवडलेला असतो, म्हणजे सुरुवात पहिल्या ओळीपासून, आणि फॉर्म्युल्यात मात्र बी२ लिहिलेलं असतं. मग प्रत्येक ओळ आपल्या खालच्या ओळीचा जिल्हा वाचते. निवड जिथून सुरू झाली तीच ओळ फॉर्म्युल्यात हवी.

इथपर्यंत आल्यावर मी इनडायरेक्ट सोडूनच दिलं. मोडकळीला आलेल्या छपराला किती ठिगळं लावायची? ३६ जिल्ह्यांच्या ३६ रेंज सांभाळणं, त्यात नावाचे नियम, त्यात मराठी. आता "यादी" नावाच्या शीटवर दोनच कॉलम ठेवते: पहिल्यात जिल्हा, दुसऱ्यात तालुका, जितके तालुके तितक्या ओळी, जिल्हा प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिलेला. तालुक्याच्या सेलला सोर्स:

=ऑफसेट(यादी!$बी$१,मॅच($बी२,यादी!$ए:$ए,०)-१,०,काउंटइफ(यादी!$ए:$ए,$बी२),१)

मॅच त्या जिल्ह्याची पहिली ओळ शोधतं, काउंटइफ किती तालुके आहेत ते मोजतं, ऑफसेट तेवढाच पट्टा उचलून देतं. रिकाम्या सेल नाहीत, नावांची भानगड नाही, मुंबई उपनगरातली मोकळी जागा असली तरी हरकत नाही. एकच अट: एका जिल्ह्याच्या ओळी सलग असल्या पाहिजेत. एकदा कुणीतरी "नीट दिसावं" म्हणून ती शीट तालुक्याच्या नावावर सॉर्ट करून ठेवली. त्या दिवशी पुणे निवडलं की चौदा नावं यायची खरी, पण निम्म्या महाराष्ट्रातली. तेव्हापासून ती शीट लपवून कुलूपबंद असते.

तिसरी पायरी, गाव, लावताना एक सापळा आहे, तो मला एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी दाखवून दिला. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. मालेगाव नाशिक आणि वाशिम, सेलू परभणी आणि वर्धा, कळंब धाराशिव आणि यवतमाळ. नुसत्या तालुक्याच्या नावावर गावं शोधली तर रत्नागिरीच्या खेडवाल्याला चाकणच्या आसपासची गावं दिसतात. नेम्ड रेंजच्या पद्धतीत तर हे जमणारच नाही, कारण फाईलभर वापरायच्या दोन रेंजना एकच नाव देता येत नाही. म्हणून गावांच्या शीटवर पहिल्या कॉलमात जिल्हा आणि तालुका जोडून लिहायचा, मध्ये एक उभी रेघ, आणि वरच्याच फॉर्म्युल्यात $बी२ च्या जागी दोन्ही ठिकाणी

$बी२&"|"&$सी२

घालायचं. बाकी रचना तीच.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. वर सांगितलेली दुखणी दिसतात तरी. हे दिसत नाही. विद्यार्थ्याने सातारा, मग फलटण निवडलं. नंतर लक्षात आलं जिल्हा सोलापूर हवा होता, म्हणून जिल्हा बदलला आणि पुढे गेला. तालुका फलटणच राहिला. एक्सेल काही बोलत नाही. व्हॅलिडेशन फक्त सेलमध्ये काही टाइप होतं त्या क्षणी तपासतं. एकदा आत गेलेल्या मजकुराकडे ते मागे वळून बघत नाही. एका वर्षी अशा नोंदी थेट छापील यादीत गेल्या आणि सोलापूर जिल्ह्यातलं फलटण सगळ्यांनी वाचलं. खूप बोलणी खाल्ली, आणि बरोबरच होती.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून जिल्हा बदलला की तालुका पुसता येतो. मी लिहिला होता. पण त्याने मागचा बदल उलटवायची सोय जाते, फाईल वेगळ्या प्रकारात सेव्ह करावी लागते, आणि मेलवरून आलेल्या फाईलमधला मॅक्रो बहुतेक ठिकाणी अडवलाच जातो. आता मी दोन साध्या गोष्टी करते. पहिली, तालुका भरलेला असेल तर जिल्ह्याची यादीच उघडू द्यायची नाही. जिल्ह्याच्या सेलला सोर्स असा:

=इफ($सी२="",जिल्हे!$ए$२:$ए$३७,इनडायरेक्ट("कुलूप"))

"कुलूप" नावाची रेंज फाईलमध्ये कुठेच नाही, म्हणून एरर येते आणि यादी उघडत नाही. आधी तालुका पुसा, मग जिल्हा बदला. इथेही इग्नोर ब्लँकची खूण काढायला विसरू नका. डिलीट दाबून जिल्हा पुसता येतो, ते व्हॅलिडेशन अडवत नाही, म्हणून दुसरी गोष्ट लागते: तालुक्याच्या कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंग, लाल रंग, आणि नियम

=अँड($सी२<>"",काउंटइफ्स(यादी!$ए:$ए,$बी२,यादी!$बी:$बी,$सी२)=०)

जोडी यादीत नसेल तर सेल लाल. हा नियम मागच्याही नोंदी पकडतो आणि चिकटवलेल्याही.

चिकटवण्याचं तर विचारू नका. दुसऱ्या फाईलमधून कॉपी करून साधं पेस्ट केलं की सेलवरचा ड्रॉपडाउनच पुसला जातो. व्हॅल्यू म्हणून पेस्ट केलं तर ड्रॉपडाउन राहतो, पण आत काय आलं ते तपासलं जात नाही. "परत तालुका येत नाहीये"वाल्या फोनचं उत्तर कित्येकदा इतकंच असतं की वरून कुणीतरी शंभर ओळी चिकटवल्या आहेत. अशा वेळी एक चांगली सेल कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅलिडेशन खालपर्यंत चिकटवायचं, आणि डेटा व्हॅलिडेशनच्याच मेनूत "सर्कल इनव्हॅलिड डेटा" दाबायचं. चुकीच्या नोंदींभोवती लाल वर्तुळं येतात.

गेल्या वर्षापासून निम्मे लोक गुगल शीट्सवर काम करतात. तिथे ही एक्सेलची फाईल तशीच चढवली तर तालुक्याचा ड्रॉपडाउन चालत नाही, कारण गुगल शीट्सच्या ड्रॉपडाउनला फॉर्म्युला चालत नाही, पट्टा लागतो. मग "मदत" नावाची वेगळी शीट करायची आणि तिच्या दुसऱ्या ओळीत

=ट्रान्सपोज(फिल्टर(यादी!$बी:$बी,यादी!$ए:$ए=अर्ज!$बी२))

लिहून खाली ओढायचं. प्रत्येक ओळीत त्या अर्जाच्या जिल्ह्याचे तालुके आडवे पसरतात. तालुक्याच्या ड्रॉपडाउनला मदत!ए२:झेड२ हा पट्टा द्यायचा, आणि डॉलरची चिन्हं आली असतील तर हाताने काढायची, नाहीतर सगळ्या ओळी पुन्हा दुसऱ्याच ओळीकडे बघतात. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन चुकीची नोंद नाकारायचा पर्याय निवडला की झालं.

राहता राहिली बदललेली जिल्ह्यांची नावं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. यादीत नाव बदललं की जुन्या नोंदी त्याच क्षणी लाल होतात आणि लोक घाबरून मला फोन करतात. मी मागच्या वर्षांच्या शीटना हात लावत नाही, त्या त्या वेळच्या नावानेच राहू देते. चालू वर्षाच्या शीटमध्ये मात्र जिल्हे, यादी, गावं आणि अर्ज या चारही ठिकाणी फाइंड-रिप्लेस एकाच बैठकीत, नवं नाव एकाच सेलमधून कॉपी करून. मधेच चहाला उठायचं नाही.